जिंजाला, व्हाया अकोला

अमरावतीहून अकोला म्हणजे काही परदेश नाही. सकाळी निघालेलं माणूस काम उरकून दिवेलागणीला घरी येतं. तरी परवा मी निघाले तेव्हा घरात अशी गडबड, की जणू म्हातारी विमानात बसून चालली. सूनबाईने दोनदा विचारलं, गोळ्या घेतल्या का. मुलाने मोबाईल चार्ज करून पिशवीत घातला आणि तो पिशवीत आहे हे मला तीनदा सांगितलं. मी सगळ्याला हो हो म्हणत होते. माझं लक्षच नव्हतं. कारण माझ्या मनाने मी अकोल्याला जातच नव्हते, मी जिंजाला चालले होते.

जिंजा हे आफ्रिकेतलं गाव. युगांडा नावाच्या देशात, मोठ्या तळ्यातून नाईल नदी निघते तिथे. माझा जन्म तिथला. नऊ वर्षांची होते तेव्हा तिथून निघालो आणि पुन्हा कधी जाणं झालं नाही. आता पंच्याहत्तरी उलटून गेली. गुडघे देवघरापर्यंत नेतात हेच खूप, आफ्रिकेत कोण नेतंय! पण आमची नात पल्लवी अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकते, आणि एक दिवस तिचा फोन आला. "आजी, आमच्या हॉस्टेलात एक नवी मुलगी आलीये. ग्रेस नाव. कापसाचा अभ्यास करायला आलीये. आणि कुठली आहे माहितीये? जिंजाची!"

माझ्या हातातला लसूण तसाच राहिला.

माझ्या मनात एक गोष्ट लहानपणापासून अडकून होती. ती सोडवणारं माणूस अमरावतीत मिळणं शक्य नव्हतं. तिथे मला सांभाळणारी जी बाई होती, ती मला एका नावाने हाक मारायची. त्या नावात माया होती की चेष्टा, एवढंच मला विचारायचं होतं. म्हणाल, या वयात काय फरक पडतो? पण जिच्या पाठीवर मी वाढले ती मला हसत होती की काय, हे जाणून घ्यावंसं वाटतं बाई.

आता हे सगळं नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बोलत सुटली.

माझे वडील अकोल्याच्या एका जिनात फिटर होते. जिन म्हणजे कापसातून सरकी (कापसाचं बी) वेगळी काढायचा कारखाना. तिकडे युगांडात तेव्हा इंग्रजांचं राज्य, कापूस मायंदाळ, आणि जिनं बहुतेक गुजराती शेठ लोकांची. त्यांना यंत्रातलं समजणारा माणूस हवा होता. वडील आजोबांना म्हणाले, "जिंजाले चाललो." आजोबांचे कान जड, त्यांना ऐकू आलं, "जिनाले चाललो." ते म्हणाले, "रोजच जातं, त्यात सांगाचं काय?" आणि कूस बदलून झोपले. पोरगा समुद्रापलीकडे गेला हे त्यांना तो दोन दिवस जेवायला आला नाही तेव्हा समजलं, असं आमच्या घरी सांगतात. खरंखोटं मला माहीत नाही, पण सांगताना सगळे हसतात.

तिथल्या जिनाच्या आवारात तीन पायऱ्यांचं जग होतं. टेकडीवर साहेबाचा बंगला, लाल कौलांचा. मधे आम्हा हिंदुस्थानी लोकांच्या पत्र्याच्या खोल्या. आणि खाली नदीकडे तिथल्या माणसांच्या गवताने शाकारलेल्या झोपड्या. पाणी मात्र खालून वर चढायचं. खालच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन आधी आमच्याकडे आणि मग बंगल्यावर यायच्या. त्यातलीच एक नालोंगो. माझ्या जन्मानंतर आईला ताप धरला, दूध आलं नाही, म्हणून नालोंगोने मला पाजलं. तिला माझ्याच वयाची एक मुलगी होती, बबिर्ये. ती पाठीला बांधलेली आणि मी पोटाशी, नाहीतर उलट, अशी ती दिवसभर काम करायची. माझं नाव सुमन. पण नालोंगोने ते कधी तोंडातून काढलं नाही. ती म्हणायची, "नकातो."

आता आमच्या आईला माझ्या नाकाची भारी काळजी. "पोरीचं नाक नकटं आहे, हिला करून कोण घेईल," असं ती उठता-बसता म्हणायची. मला वाटायचं, नालोंगोने तो शब्द आईच्या तोंडून उचलला आणि आपल्या जिभेवर फिरवून नकातो केला. पुढे आम्ही अकोल्याला परत आलो. गल्लीतल्या पोरांनी विचारलं, तिकडे तुला काय म्हणत? मी मोठ्या ऐटीत सांगितलं, नकातो! मग काय, पुढच्या मिनिटाला साऱ्या गल्लीची मी नकटी झाले. ते नाव माझ्याबरोबर सासरी अमरावतीतसुद्धा आलं. कारण माझी नणंद वत्सला. तिला ही गोष्ट लग्नाच्या मांडवातच समजली, आणि तिने ती आजपर्यंत खाली पडू दिली नाही.

तीच वत्सला माझ्याबरोबर निघाली. सत्तरीची आहे, पण जीभ विशीतली.

"वहिनी, तुमी कायले जीव काढून राह्यल्या? नकटीचा अर्थ विचाराले आफ्रिकेचं माणूस कायले पाह्यजे? घरात आरसा नाही का?"

"तू येऊ नको मग."

"काहून नको? तुमच्या नाकाची गोष्ट हाय, साक्षीदार पाह्यजे न!"

बडनेऱ्याला ऑटोने आलो. फलाटावर एक गाडी उभी होतीच. वत्सला म्हणाली, हीच. चढलो, खिडकीची जागा मिळाली, आमच्यासारख्या भाग्यवान आम्हीच. वत्सलाने लगेच डबा उघडला, दशम्या (दुधात भिजवलेल्या पिठाच्या पोळ्या) आणि शेंगदाण्याची चटणी काढली. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच समोरचा माणूस म्हणाला, "मावशी, कुठी चालल्या?"

"अकोल्याले."

"हे तं नागपूरले जाते."

त्यानंतर आम्ही दोघी ज्या चपळाईने उतरलो ती पाहून आमचे हाडांचे डॉक्टर खूश झाले असते. डबा माझ्या हातात, पाण्याची बाटली वत्सलाच्या काखेत. आणि तिची उजवी चप्पल गाडी आणि फलाटाच्या मधून खाली रुळावर. गाडी निघून गेली. आम्ही दोघी वाकून त्या चपलेकडे पाहत राहिलो.

"नवी होती वं," वत्सला म्हणाली. मग उरलेली चप्पल काढून पिशवीत घातली. मी म्हटलं, एक चप्पल काय करायची? तर म्हणते, "कोन्या पोट्ट्याले माराले होते."

खरी गाडी मिळाली तेव्हा बसायला जागा नव्हती, पण एका पोराने उठून दिली. बडनेरा सुटलं की डोळ्यांना काळी जमीन लागते. मार्गशीर्षातलं ऊन होतं, मऊ. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, आणि बाया ओळीने वेचणीला लागलेल्या, कमरेच्या ओट्या भरून अशा फुगलेल्या की सगळ्याच जणी दिवस भरलेल्या वाटाव्यात. मधे तुरीचे पट्टे. मूर्तिजापूरला चहा घेतला. मी वत्सलाला म्हटलं, तिकडची जमीन लाल, पण कापूस अगदी असाच. ती म्हणाली, "मंग इतक्या दूर कायले गेले तुमचे बाबा? इथंच रंग देला असता." तिच्याशी कोण बोलणार!

अकोल्याला उतरून आधी वत्सलासाठी रबरी चप्पल घेतली, गुलाबी, कारण तिच्या मापाची तीच होती. मग ऑटोवाल्याला म्हटलं, जरा एखाद्या चालू जिनाजवळून ने. त्याने मला आरशातून न्याहाळलं, पण नेलं. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग होती. राखणदाराने विचारलं, "आजी, कापूस इकाचा हाय?" मी म्हटलं, नाही रे, वास घ्यायचाय. तो बिचारा बाजूला झाला. मी फाटकाशी उभी राहिले. गरम तेल, सरकी आणि हवेत उडणारी रुईची धूळ. डोळे मिटले तर जिंजा. वडील घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या, आणि बबिर्ये आणि मी त्यांच्या सदऱ्यावरची रुई वेचायचो, कोणाचा गोळा मोठा होतो म्हणून. एवढ्यात वत्सलाला ओळीने शिंका सुरू झाल्या आणि आम्हाला निघावं लागलं.

ग्रेस आमची वाट पाहत हॉस्टेलच्या पायरीवर उभी होती. उंच, ठसठशीत पोरगी, डोक्याला पिवळा रुमाल. मी काय बोलावं याची गाडीत तयारी केली होती, ती सगळी विसरले. तीच पुढे आली, आणि खाली वाकली नाही, तर दोन्ही गुडघे टेकून बसली. तिकडे मोठ्या माणसाला असाच नमस्कार करतात. नालोंगो आईसमोर अशी बसायची तेव्हा मला वाटायचं, ती फरशी पुसते आहे. मी तिला धरून उठवलं. आणि ती उठून म्हणते काय, "आजी, तुमी बराबर आल्या न? मले लय भूक लागली!"

वत्सला पाहतच राहिली. "बाप्पा! हे तं आपल्यातलीच पोट्टी हाय!"

पल्लवी हसून म्हणाली, "मेसमधल्या मावशींनी शिकवलं तिला. पुण्याच्या मुलींना समजत नाही ती काय बोलते ते." बाकीचं ग्रेस इंग्रजीत बोलायची आणि पल्लवी आम्हाला सांगायची.

त्या दोघींनी जेवण बनवलं होतं. अकोटकडची हिरवी केळी सोलून, केळीच्याच पानात बांधून वाफवलेली आणि मग घोटून मऊ केलेली. त्याला तिकडे मातोके म्हणतात. त्याच्यावर शेंगदाण्याची दाट आमटी. मी घास तोंडात घातला आणि चावणं विसरले. ही चव माझ्या जिभेला ओळखीची होती. ती मी आईच्या स्वयंपाकघरात कधी खाल्ली नव्हती. बबिर्येच्या झोपडीसमोर बसून, एका पानात दोघींनी खाल्ली होती, आणि घरी आल्यावर आईचा मार.

वत्सलाने एक घास घेतला. "चांगलं हाय. पण तिखट कुठी हाय?" तिने पिशवीतून आमची शेंगदाण्याची चटणी काढून त्यावर ओतली. ग्रेसने तिचं पाहून घेतली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसऱ्यांदा मागितली. तेव्हापासून ती वत्सलाची लाडकी.

"विचारा आता," वत्सला मला कोपराने ढोसत म्हणाली. "जेवण थंडं होऊन राह्यलं."

मी विचारणार तेवढ्यात ग्रेसनेच विचारलं, "आजी, तुम्हाला सांभाळणाऱ्या बाईचं नाव काय होतं?"

"नालोंगो."

ग्रेस हसली. पल्लवीला काहीतरी म्हणाली. पल्लवी म्हणाली, "आजी, ती म्हणते हे नाव नाहीये. जुळी झाली की त्या बाईला नालोंगो म्हणतात. जुळ्यांची आई. मग तिचं मूळ नाव मागेच पडतं, सगळं गाव तिला नालोंगोच म्हणतं. मान असतो त्यात."

बघा, इतकी वर्षं मी तिचं नाव म्हणून जे सांभाळलं ते नाव नव्हतंच. तिला खरं काय म्हणत होते हे आमच्या घरात कोणी विचारलंच नव्हतं.

"पण तिला जुळी कुठे होती?" मी म्हटलं. "एकच मुलगी. बबिर्ये."

ग्रेसचं हसू थांबलं. तिने हातातलं पान खाली ठेवलं आणि हळू बोलली, आणि पल्लवीही हळूच सांगू लागली. तिकडे जुळ्या मुली झाल्या की नावं कोणी ठरवत नाही, ती ठरलेलीच असतात. आधी जन्मते ती बबिर्ये. प्रत्येक घरात, नेहमी.

"आन् मांगून येते ते?" वत्सलाने विचारलं.

ग्रेस माझ्याकडे पाहत होती. तिला माझ्या नावाची काहीच कल्पना नव्हती, पल्लवीने ते मुद्दामच सांगितलं नव्हतं.

"नकातो," ग्रेस म्हणाली.

पल्लवीने माझा हात धरला. मीच तुटक तुटक सांगितलं, की ती मला याच नावाने हाक मारायची. आईचा ताप, दूध, पाठीवर एक आणि पोटाशी एक, सगळं. ग्रेस ऐकत होती. मग म्हणाली, "हे नाव लाडाने कोणालाही देत नाहीत, आजी. मला ते घर माहीत नाही, मी खात्रीने कसं सांगू? पण तिला नालोंगो म्हणत होते, म्हणजे दोन झाल्या होत्या. आणि तुम्हाला पाजायला दूध होतं, म्हणजे धाकटी..." मग म्हणाली, "जुळ्यातलं एक गेलं तर आमच्यात 'मेलं' असं म्हणत नाहीत. 'उडून गेलं' म्हणतात."

मला वाटलं आता मी रडेन. वत्सला तर रडायलाच लागली होती, पदराने नाक पुसत. पण ती वत्सला आहे. ती म्हणाली, "उडलं आन् सीधं आमच्या वहिनीत येऊन बसलं! दुसरी जागाच भेटली नाही त्याले!"

आणि मला हसू आलं. असं हसू की पोटात दुखावं. दूध उरलं म्हणून तिने मला पाजलं, एवढंच मला आईने सांगितलं होतं. कोणाच्या वाट्याचं, ते आईलाही माहीत असेल की नाही कोण जाणे. त्या बाईने आपल्या मुलीच्या वाट्याचं दूध मला दिलं, तिच्या वाट्याची पाठ दिली, आणि नावही तिचंच दिलं. आणि मी इतकी वर्षं आरशात नाक पाहत बसले!

मी ग्रेसला म्हटलं, "बाळा, एकदा हाक मार. तुमच्याकडे मारतात तशी." ती उठून दारापर्यंत गेली, खालून कोणाला बोलवावं तसं तोंडाशी हात धरून, शेवटचं अक्षर लांबवत ओरडली, "नकातो-ओ!"

आणि माझ्या तोंडातून, मी काही ठरवायच्या आत, आलं, "वांगी!"

ग्रेसने टाळ्याच वाजवल्या. वत्सला डोळे पुसता पुसता ताटात पाहू लागली. "वांगी? वांगी कुठी हाय? हे तं केळ्याची भाजी हाय!"

तिकडे मोठ्यांनी हाक मारली की मुलं "वांगी" म्हणून ओ देतात. मला हे आठवत होतं हे मलाच माहीत नव्हतं. पल्लवीने समजावून सांगितलं, तरी वत्सलाला पटेना. मग ग्रेसने तिलाही हाक मारली, "वत्सला-आ!" आणि वत्सलाने मान ताठ करून उत्तर दिलं, "वांगी! भरली वांगी!" पुढचा तासभर त्या हॉस्टेलात कोणी अभ्यास केला असेल तर शपथ. शेजारच्या खोल्यांतल्या पोरी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि एकमेकींना हाका मारून वांगी वांगी ओरडू लागल्या.

निघताना ग्रेसने पुन्हा गुडघे टेकले. या वेळी मीही खाली बसले. उठवायला दोघींना यावं लागलं, पण बसले.

परतीच्या गाडीत गर्दी कमी होती. बाहेर सूर्य कलत होता, कापसावर केशरी रंग चढला होता. वत्सलाने गुलाबी चपला काढून सीटखाली सारल्या. मग म्हणाली, "वहिनी, मी तुमाले इतके वर्स नकटी म्हणत होती."

"म्हण न. काही चुकीचं नव्हतं, फक्त तुला उच्चार येत नव्हता."

लोक परदेशी जाऊन येतात तेव्हा तिथले पूल, बंगले, किल्ले पाहून आले म्हणून सांगतात. मी अकोल्याला जाऊन एक हॉस्टेलची खोली पाहून आले. पण लहानपणी ज्या टेकडीकडे मी नेहमी वर मान करून पाहायचे, ती टेकडी या वेळी मला आठवलीच नाही. मला आठवली ती खालची नदीकडची झोपडी, तिच्यासमोरची सारवलेली जागा आणि तिथे एका पानात जेवणाऱ्या दोन पोरी. बबिर्ये कुठे असेल, असेल की नाही, ठाऊक नाही. ग्रेस सुट्टीत घरी जाईल तेव्हा जुन्या जिनाकडे विचारून पाहते म्हणाली. सापडेल असं मी धरून चालत नाही. सापडली तर नशीब.

मूर्तिजापूरला एक बाई आमच्या समोर येऊन बसली. भाजीची टोपली पायाशी, तोंडात सुपारी. आम्हा दोघींना एकमेकींच्या खांद्यावर पेंगताना पाहून तिने विचारलं, "बहिणी बहिणी का वं तुमी?"

"नाही, नणंद-भावजया."

"मंग बहीण नाही तुमाले?"

या प्रश्नाला मी जन्मभर एकच उत्तर देत आले. मला दोन भाऊ, बहीण नाही. वत्सलाने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"हाय न," मी म्हटलं. "जुळी बहीण हाय. माह्यापेक्षा मोठी."

"माय! जुळी? कुठी देली तिले?"

"तिले नाही देली," मी म्हटलं. "ते माहेरीच हाय. देली ते मले, इकडे वऱ्हाडात."